टर्बो गाडीला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड निवडताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी

मॅनिफोल्डचं काम ऐकायला सोपं आहे. इंजिनाच्या हेडमधून निघणारा जळका गॅस गोळा करायचा आणि टर्बोच्या (गॅसच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या यंत्राच्या) टर्बाइनपर्यंत, म्हणजे चाकापर्यंत, पोचवायचा. पण हे करताना तो अख्ख्या एक्झॉस्टमधला सगळ्यात तापलेला भाग असतो. पाच-सात किलोचा टर्बो त्याच्याच अंगावर लटकलेला असतो, आणि दर वेळी गाडी सुरू-बंद केली की तो तापून फुगतो आणि गार होऊन आक्रसतो. म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न टिकण्याचा विचारा. पॉवरचा विषय नंतर काढा. मोबाइलवर फोटो बघून चकचकीत स्टीलचा मॅनिफोल्ड मागवणारे बहुतेक जण नेमकं उलट करतात, आणि पहिल्याच पावसाळ्यात चोर्ला घाट चढताना बॉनेटखाली टिकटिक ऐकू येते, म्हणजे गॅस गळू लागला.

आधी बघा, गाडीला सुटा मॅनिफोल्ड आहे का

हे न तपासता पैसे भरणारे कमी नाहीत. अलीकडच्या बऱ्याच पेट्रोल टर्बो इंजिनांत मॅनिफोल्ड हेडच्याच ओतकामात असतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० आणि १.५ टीएसआय इंजिनांत तो हेडमध्येच आहे, टर्बो सरळ हेडला बोल्ट होतो. २०१३ नंतरच्या ऑक्टाव्हियाच्या १.८ टीएसआयचंही तसंच. त्याआधीच्या लॉरा, सुपर्बच्या १.८ टीएसआयमध्ये मॅनिफोल्ड आणि टर्बाइन हाउसिंग एकाच तुकड्यात ओतलेले आहेत. तिथं मॅनिफोल्ड बदलायचा म्हणजे टर्बोही बदलणं आलं.

सुटा मॅनिफोल्ड हवा तर जुन्या डिझेलकडे बघा. स्विफ्ट, पुंटो, मांझात बसलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट घ्या. त्यात बिडाचा छोटा मॅनिफोल्ड वेगळा आणि टर्बो वेगळा. खात्री करायची तर हीट शील्डचे बोल्ट काढा आणि टॉर्च मारा. हेडला लागून एक जोड आणि टर्बोला लागून दुसरा जोड, असे दोन फ्लँज दिसले तर मॅनिफोल्ड सुटा. एकच जोड दिसला तर हा लेख वाचून वेळ घालवू नका. डाउनपाइप (टर्बोनंतरचा पाइप), इंटरकूलर (टर्बोनं दाबलेली हवा गार करणारा) आणि रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) हीच तुमची वाट.

मग ठरवा, बदलायची गरज आहे का

गरज चार वेळा पडते. कंपनीच्या मॅनिफोल्डला तडा गेलाय किंवा त्याचा फ्लँज वाकलाय. टर्बो मोठा घेतलाय आणि त्याचा फ्लँज जुन्याला बसत नाही. एक्स्टर्नल वेस्टगेट, म्हणजे जादा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडणारी वेगळी झडप, लावायची आहे. किंवा पॉवर कंपनीच्या आकड्यापेक्षा चाळीस-पन्नास टक्क्यांनी वर न्यायची आहे आणि बॅक प्रेशर (टर्बाइनआधी तुंबलेल्या गॅसचं प्रेशर) मोजून ते जास्त आलंय. यांतलं काहीच नसेल तर कंपनीचा बिडाचा तुकडा तसाच राहू द्या. दिसायला ओबडधोबड असतो, पण लाख-दीड लाख किलोमीटर मुकाट्यानं चालतो.

बॅक प्रेशर मोजणं अवघड नाही, लोक कंटाळा करतात एवढंच. मॅनिफोल्डवर, सगळ्या पोर्टांच्या (हेडमधून गॅस निघायच्या तोंडांच्या) वाटा एकत्र येतात तिथं, एक अष्टमांश इंचाच्या एनपीटी, म्हणजे निमुळत्या आट्याचं भोक पाडून आटे पाडायचे. मॅनिफोल्ड गाडीवरून उतरवूनच हे करा. ड्रिलचा बारीक कीस आत राहिला तर तो थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो आणि टर्बो संपतो. त्या भोकात स्टीलची चार-पाच मिलिमीटरची बारीक नळी बसवायची, साधारण मीटरभर लांब, दोन-तीन वेढे देऊन, म्हणजे गॅस गेजपर्यंत येईतो गार होतो. पुढं सिलिकॉन पाइप आणि शून्य ते चार बारचा गेज. आता एक जण गाडी चालवेल, दुसरा आकडे लिहील. वंटमुरी घाटाच्या चढणीला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण लोड मिळतो, रहदारी नसेल तेव्हा जा. बूस्ट (टर्बोनं इंजिनात दाबलेल्या हवेचं प्रेशर) आणि मॅनिफोल्डमधलं प्रेशर एकाच वेळी वाचा.

बूस्ट १ बार असताना मॅनिफोल्डमध्ये १.३ ते १.५ बार दिसलं तर हात लावू नका. २ बारच्या वर गेलं तर कुठंतरी कोंडतंय. पण कुठं? इथंच फसगत होते. बहुतेक वेळा कोंडी टर्बाइन हाउसिंगमध्ये असते, कारण कंपनी लवकर बूस्ट यावा म्हणून ते छोटंच देते. नाहीतर टर्बोच्या पुढं, चोंदलेल्या कॅटमध्ये (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) किंवा डिझेलची काजळी अडवणाऱ्या डीपीएफमध्ये. म्हणून टर्बोनंतरच्या पाइपातही तशीच नळी लावून एकदा मोजा. तिथंच ०.३ बारच्या वर दिसलं तर आधी पुढचा रस्ता मोकळा करा. दोन्हीकडं मोजल्याशिवाय मॅनिफोल्डला दोष देणं बरोबर नाही. व्हेरिएबल टर्बो (टर्बाइनभोवतीची पाती उघडमीट करणारा) असलेल्या डिझेलमध्ये एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवा. पाती मिटलेली असताना प्रेशर मुद्दाम वाढवलेलं असतं, त्यामुळे बूस्ट स्थिरावल्यानंतरचाच आकडा धरायचा.

कोणत्या घडणीचा घ्यायचा

ढोबळमानानं तीन घडणी आहेत. पहिली लॉग, म्हणजे एक आडवी नळी आणि तिला प्रत्येक पोर्टमधून आलेली आखूड तोंडं. कंपनीचे बहुतेक असेच. जागा कमी लागते, वजन पेलतो, गॅसची उष्णता टिकून राहते आणि टर्बो लवकर फिरतो. दुसरी घडण ट्युब्युलर. प्रत्येक सिलिंडरची वेगळी नळी, वाकवून शेवटी एका कलेक्टरमध्ये आणलेली. सगळ्या नळ्या समान लांबीच्या असल्या की वरच्या आरपीएमला गॅस सुरळीत वाहतो. तिसरी दुभागलेली, ट्विन-स्क्रोल म्हणजे टर्बाइनकडं दोन वेगळ्या वाटा असलेल्या टर्बोसाठी.

चार सिलिंडर इंजिनाची फायरिंग ऑर्डर साधारण १-३-४-२ असते. म्हणून ट्विन-स्क्रोलला १ आणि ४ एका बाजूला, २ आणि ३ दुसऱ्या बाजूला जोडतात, म्हणजे एकाचा धक्का दुसऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हवर येत नाही. टर्बोचं तोंड एकच असेल तर दुभागलेला मॅनिफोल्ड घेऊन काही साधत नाही. टर्बो दुभागलेला आणि मॅनिफोल्ड साधा असेल तर टर्बोसाठी मोजलेले जादा पैसे वाया गेले. दोन्ही एका जातीचे हवेत.

तीन सिलिंडरवाल्यांनी समान लांबीच्या नळ्यांसाठी जीव टाकू नये. तिथं दोन धक्क्यांमध्ये क्रँकचे २४० अंश अंतर असतं, ते एकमेकांच्या पायात फारसे येत नाहीत. फरक पडतो, पण खर्चाच्या मानानं थोडा.

आपल्याकडचं ड्रायव्हिंग कसं आहे तेही बघा. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर थांबा, खानापूर रोडला ट्रकच्या मागं लागा, जांबोटीच्या पुढं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वळणं घ्या. दोन-अडीच हजार आरपीएमला ओढ हवी असते. तिथं आखूड, जाड भिंतीचा मॅनिफोल्ड लांब नळ्यांच्या शोभिवंत मॅनिफोल्डला सहज मागं टाकतो. शिवाय बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी. तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला इथं जास्त फिरावं लागतं. त्यात लांब नळ्यांमध्ये उष्णता घालवली तर लॅग, म्हणजे बूस्ट यायला लागणारा उशीर, आणखी वाढतो.

नळीचा आतला व्यास पोर्टएवढा किंवा मिलिमीटरभर जास्त असावा. कमी तर कधीच नको, कारण पोर्टमधून निघणाऱ्या गॅससमोर कड उभी राहते. दोन लिटरच्या आतल्या, तीनशे हॉर्सपॉवरपर्यंतच्या इंजिनाला सव्वा इंची शेड्यूल १० पाइप पुरतो (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा दर्जा). त्याचा बाहेरचा व्यास ४२.२ मिमी, भिंत २.७७ मिमी, आतून सुमारे ३६.७ मिमी. दीड इंचीचा बाहेरचा व्यास ४८.३ आणि आतला ४२.८. "मोठं घेतलं की मोकळं वाहतं" हे सायलेन्सरला चालतं. टर्बोच्या आधी जास्त मोठी नळी म्हणजे गॅसचा वेग गेला.

धातू

या भागावर वेळ घालवा, कारण दुकानदार सगळ्यात कमी इथंच बोलतो.

पूर्ण लोडवर पेट्रोल टर्बोमध्ये टर्बाइनच्या आधीचा गॅस ८५० ते ९५० अंश सेल्सिअस असतो, काही नव्या इंजिनांत त्याहून वर. डिझेलमध्ये साधारण ७०० ते ८००. साधं ग्रे कास्ट आयर्न, ज्याला आपण नुसतं बीड म्हणतो, या तापमानाला खपल्या सोडतं आणि तडकतं. म्हणून कंपन्या सिमो एसजी आयर्न, म्हणजे सिलिकॉन-मॉलिब्डेनम मिसळलेलं खास बीड, वापरतात. त्यात साधारण ४ टक्के सिलिकॉन आणि अर्धा ते एक टक्का मॉलिब्डेनम असतं, आणि ते ८५० अंशांच्या आसपासपर्यंत साथ देतं. त्याच्या वर निकेल जास्त असलेलं नि-रेझिस्ट डी५एस, आणि त्याहीपुढं कास्ट स्टील. बाजारात "हाय-फ्लो कास्ट" म्हणून मिळणारा मॅनिफोल्ड घेताना ग्रेड विचारा. "एकदम भारी लोखंड आहे साहेब" हे उत्तर मिळालं तर दुसरीकडं जा.

नळ्यांच्या मॅनिफोल्डमध्ये ३०४ स्टेनलेस सगळ्यात जास्त दिसतं. गंजत नाही, वेल्ड चांगलं होतं. पण त्याचं प्रसरण बिडापेक्षा बरंच जास्त. चारशे मिलिमीटरचा तुकडा सातशे अंशांनी तापला तर ३०४ सुमारे ५ मिमी वाढतो, बीड साडेतीनच्या आसपास. खालचं ॲल्युमिनियम हेड मात्र पाण्यानं गार ठेवलेलं, ते मिलिमीटरभरही वाढत नाही. ही ओढाताण वेल्डवर येते. दुसरं, ४२५ ते ८६० अंशांच्या पट्ट्यात बराच वेळ राहिलं की ३०४ मध्ये वेल्डशेजारचं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि तिथून धातू ठिसूळ व कमकुवत पडतो. ३२१ मध्ये टायटॅनियम असल्यानं हा त्रास टळतो. रोजच्या गाडीला, पेट्रोल असेल तर, ३२१ परवडत असल्यास तेच घ्या. डिझेलला जाड भिंतीचं ३०४ पुरतं.

माइल्ड स्टीलचे जाड शेड्यूल ४० एल्बो वेल्ड करून केलेला मॅनिफोल्ड दिसायला कुरूप असतो. गंजतो, खपल्याही सोडतो. तरी प्रसरण कमी आणि भिंत साडेतीन मिलिमीटरची, त्यामुळे दीड मिलिमीटरच्या चकचकीत स्टेनलेसपेक्षा तो तडकायला जास्त दिवस घेतो. कमी बजेटला आमचं मत याच बाजूला आहे.

फ्लँज, वेस्टगेट, जागा

टर्बोचा फ्लँज आधी ओळखा. टी२५, टी३, टी४ हे चौकोनी, चार बोल्टचे, वेगवेगळ्या मापांचे. व्ही-बँड गोल, एका पट्ट्यानं आवळायचा. कंपनीच्या छोट्या टर्बोंचे फ्लँज बहुतेक वेळा यांतल्या कशातच बसत नाहीत, तीन बोल्टचे स्वतःचे असतात. जुना गॅस्केट कागदावर ठेवून भोकांची आउटलाइन काढा, भोकांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजा आणि हेच विक्रेत्याला पाठवा. गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक टर्बो बदललेले असतात.

हेडकडचा फ्लँज दहा ते बारा मिलिमीटर जाड हवा. सहा-आठ मिलिमीटरचा वाकतोच. भोकांकडे नीट बघा. स्टड (हेडमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा) एम८, म्हणजे ८ मिमीचा, असेल तर मधली भोकं साडेआठची आणि टोकाची दहाच्या आसपास किंवा लंबगोल असावीत, म्हणजे मॅनिफोल्डला फुगायला वाट मिळते. सगळी भोकं घट्ट साडेआठची असली की टोकाचा स्टड तुटणार.

एक्स्टर्नल वेस्टगेट असेल तर त्याची नळी कलेक्टरमधून गॅसच्या वाहण्याच्या दिशेनं, तिरकी निघाली पाहिजे. काटकोनात चिकटवलेल्या नळीकडं गॅस वळतच नाही. मग वेस्टगेट पूर्ण उघडूनही बूस्ट चढत राहतो. इंटर्नल वेस्टगेटवाल्यांनाही हा धोका आहे. मॅनिफोल्ड आणि डाउनपाइप मोकळे केले की टर्बाइनकडं गॅस इतका येतो की टर्बोतली वेस्टगेटची छोटी झडप तो सोडू शकत नाही. म्हणून बूस्ट गेज नसेल तर मॅनिफोल्ड बदलू नका.

डिझेल असेल तर ईजीआरचं (थोडा जळका गॅस परत इंजिनात नेणाऱ्या वाटेचं) तोंड, आणि पेट्रोल असेल तर ऑक्सिजन सेन्सरची जागा, नव्या तुकड्यावर जिथल्या तिथं आहे का? कॅट मागं सरकला तर तो उशिरा तापतो आणि कॅट नीट काम करत नसल्याचा पी०४२० कोड येत राहतो.

मग जागा. नव्या मॅनिफोल्डवर टर्बो दोन सेंटिमीटर जरी सरकला तरी तेलाची परतीची नळी, कूलंटचे होस, ब्रेक ऑइलची बाटली, वायरिंग, स्टिअरिंग शाफ्ट सगळ्यांची गणितं बदलतात. तेलाची परतीची नळी उताराचीच हवी. कुठं वर चढली किंवा पोट पडलं तर टर्बोच्या सीलमधून तेल गळून जळायला लागतं. रबरी आणि प्लॅस्टिकच्या गोष्टींपासून निदान पाच सेंटिमीटर अंतर, आणि मधे हीट शील्ड. ब्रेक किंवा तेलाची नळी मॅनिफोल्डच्या वरून नेऊ नका. एक थेंब गळला तरी आग लागते.

तुकडा हातात आल्यावर

पैसे देण्याआधी दहा मिनिटं घ्या. टॉर्च एका पोर्टमधून मारा, दुसऱ्या बाजूनं डोळा लावा. आतला वेल्ड सपाट आणि चंदेरी-सोनेरी दिसला तर वेल्डरनं आतून आर्गॉन सोडला होता. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी काळी खरखर दिसली तर सोडला नव्हता. ती खरखर तापल्यावर सुटते आणि टर्बाइनमध्ये जाते. जिथं बोट पोचतं तिथं आतून फिरवा. वेल्डचा थेंब आत लोंबत असेल तर तुकडा परत करा.

कलेक्टरमध्ये चार नळ्या भेटतात त्या मधल्या टोकाकडं खास बघा. तडे तिथंच सुरू होतात. ते टोक पूर्ण भरून वेल्ड केलेलं हवं, नुसतं वरून टाका मारलेलं नको.

हेडचा फ्लँज सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट केलेल्या जाड प्लेटवर, ठेवा. उद्यमबागेत कुठल्याही टूलरूममध्ये ती असते, विनंती केली तर कुणी नाही म्हणत नाही. खालून फिलर गेज (फट मोजायच्या बारीक पट्ट्या) घाला. ०.१० मिमीची पट्टी जात नसेल तर उत्तम. ०.२० ची जात असेल तर सरफेस ग्राइंडिंग करून घ्यावं लागेल, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये याहून कडक मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. भिंतीची जाडी टोकाला व्हर्नियरनं मोजा. चुंबकाची परीक्षा अर्धीच खरी आहे. ३०४ ला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, पण ४०९ हेही स्टेनलेसच आहे आणि त्याला चिकटतो. "स्टेनलेस ३०४" म्हणून विकलेल्या तुकड्याला चुंबक घट्ट बसला तर मात्र खोटं बोललंय.

शेवटची परीक्षा पाण्याची. फ्लँजना रबर लावून पट्ट्या आवळा, एक बार हवा भरा आणि बादलीत बुडवा. बुडबुडे आले त्या जागी खडूनं खूण करा.

इथंच बनवून घ्यायचा का

बेळगाव फाउंड्रीचं गाव आहे, शिरोली-कोल्हापूर दीड-दोन तासांवर. साहजिक वाटतं की एक तुकडा ओतून घेऊ. एकासाठी हे परवडत नाही. पॅटर्न, कोअर बॉक्स, मशिनिंग फिक्श्चर यांचा खर्च एकाच नगावर येतो, आणि फाउंड्री सिमोची वेगळी हीट (धातू वितळवण्याची खेप) तुमच्या चार किलोसाठी लावणार नाही. चालू हीटमधून उरलेल्या साध्या बिडात ओतून दिला तर तो तडकणार. दहा-पंधरा जण एकाच इंजिनासाठी एकत्र आले तर गोष्ट वेगळी.

फॅब्रिकेशन मात्र इथं चांगलं होतं. साखर कारखाने आणि डेअऱ्यांची कामं करणारे टिग वेल्डर या पट्ट्यात भरपूर आहेत, आतून आर्गॉन सोडण्याची त्यांना सवय आहे. त्यांच्या गोदामात डेअरीचा पाइप पडलेला असतो आणि तोच वापरू म्हणतात. त्याची भिंत दीड-पावणेदोन मिलिमीटर. दूध वाहायला ठीक, टर्बो लटकवायला नाही. शेड्यूल १० चे लाँग रेडियस बट-वेल्ड एल्बो (मोठ्या वळणाचे, टोकाला टोक वेल्ड करायचे) आणायला सांगा.

त्यांना सांगायच्या गोष्टी: फ्लँज आधी लेझर कटिंग करून घ्यावा. जोडणी जुन्या हेडवर किंवा वीस मिलिमीटरच्या जाड प्लेटवर सगळे बोल्ट आवळूनच करावी. वेल्ड थोडा इकडे थोडा तिकडे करत न्यावा, आणि गार होईपर्यंत प्लेटवरून काढू नये. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल रॉड, स्टेनलेस नळी माइल्ड स्टील फ्लँजला जोडताना ३०९एल, ३२१ ला ३४७. सगळं झाल्यावर फ्लँज पुन्हा ग्राइंड. हे शेवटचं काम वेल्डर आढेवेढे घेत टाळतो. टाळू देऊ नका.

बसवणं

जुने नट काढण्याच्या आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. खानापूरच्या पावसात वाढलेल्या गाडीचे स्टड सहजी सुटत नाहीत. पान्याला पाइप लावून जोर केला की स्टड हेडमध्येच तुटतो. तुटलाच तर बाहेर राहिलेल्या बुंध्यावर नट वेल्ड करा, त्या उष्णतेनं तो मोकळा होतो.

स्टड, नट, गॅस्केट नवे घ्या, यात काटकसर नको. गॅस्केट अनेक पत्र्यांचा स्टीलचा. तो पोर्टमध्ये डोकावत नाही ना ते बसवण्याआधी बघा. सिलिकॉन सीलंट अजिबात लावू नका, जळून जातो आणि फट राहते. नट तांब्याचा मुलामा असलेले लॉकिंगचे. स्टड हातानं आवळेल तेवढाच, आणि हेडमध्ये निदान बारा ते सोळा मिलिमीटर गेला पाहिजे. आट्यांना निकेलचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम) पुसट लावा.

आवळताना मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत. एम८ साठी साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, पण गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच अंतिम. टॉर्क पान्याशिवाय हे काम सुरू करू नका.

टर्बोला आधार द्या. ब्लॉकवरून एक ब्रॅकेट, त्याला लांबट भोक, म्हणजे वजन पेलेल आणि मॅनिफोल्ड फुगायलाही मोकळा राहील. ब्रॅकेट बॉडीला कधीच लावू नका. इंजिन माउंटवर हलतं, बॉडी हलत नाही. डाउनपाइपमध्ये फ्लेक्स बेलो (लवचिक जोड) नसेल तर मागच्या सायलेन्सरचे हिसके थेट टर्बोच्या फ्लँजवर येतात.

टर्बोत तेल भरून, इग्निशन न देता इंजिन काही सेकंद फिरवा, तेलाचं प्रेशर येऊ द्या, मगच सुरू करा. दहा-पंधरा मिनिटं आयडलवर, नंतर पूर्ण गार, मग नट पुन्हा तपासा. असं दोनदा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर आणखी एकदा, नेहमी गार असताना. नव्या कोटिंगचा धूर आणि वास पहिल्या दिवशी येतो. दुसऱ्या दिवशीही आला तर कुठंतरी तेल टपकतंय.

गुंडाळणं, पाऊस, कायदा

हीट रॅपचं, म्हणजे मॅनिफोल्डला उष्णतारोधक कापडी पट्टी गुंडाळायचं, फॅड आहे. रॅपमुळे बॉनेटखालची उष्णता कमी होते, पण धातूचं स्वतःचं तापमान वाढतं, आणि कापडात पाणी मुरून राहतं. जून ते सप्टेंबर जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात गाडी फिरत असेल तर माइल्ड स्टीलवर रॅप लावूच नका, आतून कुजेल. पातळ ३०४ रॅपखाली लवकर तडकतं. त्याऐवजी सिरॅमिक कोटिंग आणि टर्बोवर ब्लँकेट. इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं आवरण काढून टाकायची सवय मोडा. घाट चढून लाल झालेल्या मॅनिफोल्डवर रस्त्यातलं पाणी उडालं की तडा तिथल्या तिथं जातो.

कायद्याचं सरळ आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या, निर्मात्यानं ठरवलेल्या तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलंय. नंबर केए-२२ असो, केए-२३ असो की एमएच-०९, कायदा केंद्राचा आहे, हद्द ओलांडून सुटका नाही. कंपनीच्या मापाचा बदली मॅनिफोल्ड ही दुरुस्ती. कॅट काढणं, आवाज वाढवणं याला कलम १९०(२) लागतं, दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. विम्याच्या कंपनीला बदल लेखी कळवा. वॉरंटीतली गाडी असेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा.

नंतर काय ऐकायचं

सकाळी गार इंजिनावर टिकटिक येते आणि गाडी तापली की बंद होते, म्हणजे गॅस्केट गळतोय किंवा केसाएवढा तडा आहे, जो तापल्यावर मिटतो. गार असताना फ्लँजभोवती काजळीची रेघ शोधा. पेट्रोल गाडीत हा तडा ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) मिश्रण पातळ वाटतं, तो पेट्रोल वाढवतो आणि ॲव्हरेज घसरतं. बूस्ट उशिरा येऊ लागला आणि इन्टेकच्या पाइपांत गळती सापडत नसेल तरी इकडंच बघा.

एकदा तडा गेला तर वेल्ड करून घ्यायला हरकत नाही, तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून मग भरायचा. त्याच जागी पुन्हा गेला तर वेल्डरकडं नेऊ नका. ब्रॅकेट सैल आहे का, टोकाची भोकं घट्ट आहेत का, डाउनपाइप ओढून-ताणून बसवलाय का, हे आधी शोधा. डाउनपाइप तपासायला टर्बोकडचे बोल्ट सैल करा. फ्लँज आपापसात जागच्या जागी बसले पाहिजेत. ते बाजूला सरकले तर पाइप कापून पुन्हा जोडा.